माहेरी गेलेलं नाणं

आमच्या चौगुले अण्णांचं फ्रान्सशी पटत नसे. जर्मनीशी तर बोलणंच बंद होतं. इंग्लंडचं नाव काढलं की "सोड रे, मोठ्ठी लोकं ती" म्हणून हात झटकत, आणि अमेरिका नावाच्या देशाबद्दल आपल्याला काही कल्पना नाही असं अगदी सौम्यपणे सांगत. त्यांचे घरोब्याचे संबंध होते ते लिश्टेनस्टाइन, सान मारिनो, मोनॅको आणि व्हॅटिकन यांच्याशी. या चिमुकल्या देशांची टपाल तिकिटं आणि नाणी ते जमवत. फक्त यांचीच. कुणी कौतुकानं आफ्रिकेतलं हत्तीचं सुंदर तिकीट आणून दिलं तर ते उलटसुलट करून परत देत आणि म्हणत, "छान हाय. पण देश मोठा हाय."

देश लहान आहे की मोठा, हे ठरवायची त्यांची स्वतःची पद्धत होती. देशातली सगळी माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, बेंगळुरूच्या क्रिकेट स्टेडियमात बसली पाहिजेत आणि वर चार खुर्च्या उरल्या पाहिजेत. व्हॅटिकन तर नुसत्या पॅव्हेलियनमध्ये मावत होतं. अंडोराचं जरा अडत होतं. पण काही माणसं उभी राहतील, काही दुकानं सोडून येणार नाहीत, असा हिशेब करून अण्णांनी त्यालाही आत घेतलं होतं. लक्झेंबर्गचा मात्र त्यांनी साफ निकाल लावला होता. "लक्झेंबर्ग? ते साम्राज्य झालं!"

मी शहाण्णव साली साताऱ्याहून बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलो आणि बसवनगुडीत खोली शोधत अण्णांच्या दारात उभा राहिलो. घरमालक मराठी आहेत एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. अण्णा मूळचे बेळगावच्या पलीकडचे. तरुणपणी इथल्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या कामाला लागले, तिथूनच निवृत्त झाले, आणि या पस्तीस-चाळीस वर्षांत त्यांच्या मराठीत कानडी अशी काही मुरली होती की दोन्ही भाषा वेगळ्या काढायच्या तर घर पाडावं लागलं असतं. अण्णा उंचीनं बेताचे, गोल चेहऱ्याचे, आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक चिमटा. तो तिकिटं उचलायचा चिमटा आहे हे कळेपर्यंत मला ते कानाचे डॉक्टर वाटत होते.

माझी मुलाखत दोघांनी घेतली. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, विचारलं, "रात्री उशिरा येणार काय? मोठ्यानं रेडिओ लावणार काय?" मी नाही नाही म्हणालो. मग अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "लिश्टेनस्टाइनची राजधानी?"

मी घाबरून "बर्लिन" म्हणालो.

अण्णांनी अक्कांकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बॅग उचलायलाच वाकलो. पण अक्का म्हणाल्या, "असू दे ओ. गरीब दिसतंय पोरगं. शिकंल हळूहळू." अशी मला गच्चीवरची खोली मिळाली. ती इतकी लहान होती की मी आडवा झालो की पाय दाराला लागत. मी तसं बोलून दाखवल्यावर अण्णांनी खोलीकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "लहान हाय. पण हाय की!"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पेन्शन, बागेतला एकमेव पेरू, स्वतःची उंची, सगळ्याला हेच. आणि मला ते "पुणेकर" म्हणत. मी साताऱ्याचा आहे हे मी पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. निपाणीच्या वर गेलं की सगळं पुणंच, असं त्यांचं मत होतं. ज्याला चार मैलांचे देश वेगवेगळे ओळखता येत, त्याला सातारा आणि पुणे एकच वाटावं हा माझ्या जिल्ह्यावर अन्याय होता, पण भाडं कमी असल्यामुळे मी तो सोसला.

गच्चीवर राहत असल्यामुळे एक जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. उन्हाळ्यात गच्चीच्या एका बाजूला प्लॅस्टिकवर अक्कांचे सांडगे वाळत आणि दुसऱ्या बाजूला जुन्या धोतरावर अण्णांची तिकिटं. पाकिटाचा तुकडा कोमट पाण्यात भिजत घालायचा, डिंक सुटला की तिकीट चिमट्यानं अलगद उचलायचं आणि पालथं वाळवायचं, असा तो विधी. त्यासाठी ते अक्कांची पितळी परात पळवत. रविवारी मी दोन्ही वाळवणांची राखण करायची. कावळ्याला सांडग्यात रस आणि वाऱ्याला तिकिटात, आणि मला त्या वेळी झोपेत.

अशाच एका रविवारी मोनॅकोचा राजा उडाला. अण्णांनी गच्ची पालथी घातली, शेजारच्या गच्चीवर जाऊन आले, खाली गटारात चिमटा घालून पाहिला. राजा सापडला नाही. घरात दोन दिवस सुतकी वातावरण होतं. मग महिन्याभरानं अक्कांचे भाऊ बेळगावहून आले, अक्कांनी त्यांच्यासाठी सांडगे तळले, आणि भाऊ पहिला सांडगा मोडतात तर आतून मोनॅकोचा राजा बाहेर आला. कडेनं जरासा लालसर झाला होता, पण चेहरा शाबूत होता. भाऊ बिचारे "हे काय गे?" म्हणून ते ओढून काढायला लागले. अण्णा पाटावरून ओरडले, "दातरी फाटेल, तिकिटाची दातरी! कडेनं घ्या! स्वल्प थांबा, चिमटा आणतो!" पाहुण्यांच्या तोंडाशी चिमटा नेऊन सांडग्यातला राजा सोडवणारा मेहुणा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ते तिकीट पुढे वहीत लागलं. जवळ गेलं की जिऱ्याचा वास येई.

नाण्यांची गोष्ट अशीच. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे परदेशी चिल्लर येत असे. महिन्यातून एकदा अण्णा बस पकडून तिकडे जात. तो लांबूनच ओरडे, "अण्णा, आज छोटा कुछ नहीं आया, सब बड़ा-बड़ा है!" तरी हे अर्धा तास चिल्लर चाळत बसत. मिळालेली नाणी प्लॅस्टिकच्या कप्प्याकप्प्यांच्या वहीत जात आणि अण्णा त्यांना कुणालाही हात लावू देत नसत. फक्त दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अक्का ती वही ताब्यात घेत, सगळी नाणी बाहेर काढत आणि चिंचेच्या कोळानं खसाखसा घासत. "काळं पडलेलं पैसे देवापुढं ठेवतात होय?" हा त्यांचा सवाल. व्हॅटिकनची नाणीसुद्धा हळदकुंकू लावून लक्ष्मीपुढे तबकात बसत, आणि एकूण बघता आनंदात दिसत.

एकदा नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातले एक गृहस्थ आले. जाड भिंग, सोबत कापडी हातमोजे, असा जामानिमा. त्यांनी पहिलंच नाणं उजेडात धरलं आणि किंचाळल्यासारखे म्हणाले, "हे धुतलं कुणी?" अक्का आतून कौतुकानं म्हणाल्या, "मी!" गृहस्थांनी मग नाणं कधी धुवायचं नसतं, धुतलं की त्याची किंमत मातीमोल होते, यावर एक व्याख्यान दिलं आणि चहा न घेता गेले. मला वाटलं आता घरात काहीतरी होणार. अण्णा जिन्यावर माझ्यापाशी येऊन बसले. मग म्हणाले, "किंमत गेली म्हणे. विकणार कोण हाय, पुणेकर? आणि चकचकीत बरं दिसतंय की." पुढच्या दिवाळीला गांधीबझारातून चिंच त्यांनीच आणली.

हे लहान देशांचं खूळ कुठून आलं, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा सहज विचारलं तर छाती जरा पुढे काढून म्हणाले, "आमचा पण देश होता की." हा देश म्हणजे हळेकोट संस्थान. नकाशात शोधू नका, नकाशावर शाईचा ठिपका पडला की ते झाकलं जाई. अण्णा त्या संस्थानात जन्मले. त्यांचे वडील राजवाड्यावर बिगूल वाजवायचे. सकाळी त्यांनी वाड्याच्या दारात बिगूल वाजवला की सगळ्या राज्याला ऐकू जाई, आणि शेजारच्या राज्यालाही, इलाज नसल्यामुळे. संस्थानाला फौज होती, ती दसऱ्याला एका रांगेत मावे. हत्ती एकच होता आणि तो चरायला गेला की परराज्यात जाई. "तक्रार यायची रे त्यांची," अण्णा सांगत. "पण हत्तीला काय कळतंय? सरहद्द आखलेली न्हवती." मग "लहान होतं. पण होतं की," असं म्हणाले. त्यांचं ते वाक्य भूतकाळात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नाण्यांच्या वहीत अगदी पहिल्या कप्प्यात एक पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा होता. मळलेला, कोपरे झिजलेले, त्यावर पागोटं घातलेल्या एका गृहस्थांचं पुसट चित्र. लढाईच्या दिवसांत तांब्याची चिल्लर मिळेनाशी झाली, तेव्हा हळेकोटच्या राजानं छापलेला तो पुठ्ठ्याचा पैसा. मी तो बघायला बोट पुढं केलं, तर अण्णांनी पान उलटलं. "ते चालत न्हाई," म्हणाले. आता त्या वहीतलं काहीच आपल्या बाजारात चालत नव्हतं, त्यामुळे मला या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

मग नव्याण्णव साल उजाडलं आणि युरो आला. पेपरात बातमी आली की युरोपातल्या पुष्कळ देशांनी मिळून एकच चलन ठरवलंय, सध्या ते हिशेबापुरतं आहे, पण दोन-तीन वर्षांत खरीखुरी नवी नाणी येतील आणि जुनी सगळी बंद होतील. लिरा, फ्रँक, सगळं जाणार. अण्णांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि पुढ्यातली भाकरी तशीच राहिली.

"विलीनीकरण," ते म्हणाले.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, नव्या नाण्याची एक बाजू ज्या त्या देशाची असेल म्हणतात, आणि सान मारिनोसारख्यांनाही मिळेल बहुधा.

"म्हणजे अर्धं विलीनीकरण," अण्णा म्हणाले. "आम्हाला पण असंच सांगितलं होतं. काय बदलणार न्हाई, स्वल्प थांबा, म्हणून. थांबलो. बिगूल माळ्यावर गेला."

त्यानंतर अण्णा बदलले. शिवाजीनगरची खेप चुकली. परातीत भिजत राहून तिकिटांचा लगदा होऊ लागला. अक्का मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बघ की रे जरा. जेवूलालेत, पण गप्प जेवूलालेत." अण्णा गप्प जेवतात ही खरोखर काळजीची गोष्ट होती, कारण एरवी त्यांच्या जेवणात अंडोराचा इतिहास असे आणि आमटीची वाटी संपेपर्यंत तो संपत नसे.

त्याच सुमाराला माझ्या कंपनीनं मला इटलीत बोलोन्याला पाठवायचं ठरवलं. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, या भीतीवर तेव्हा आमच्यासारख्यांची पोटं भरत होती. बातमी कळल्यावर अण्णा गुडघे धरत धरत जिना चढून माझ्या खोलीत आले. हातात नकाशा आणि शिवणाचा दोरा. बोलोन्यापासून सान मारिनोपर्यंत त्यांनी दोऱ्यानं अंतर मोजून ठेवलं होतं. मला वाटलं, आता तिकिटांची भलीमोठी यादी ऐकायला लागणार. म्हणून मी आधीच म्हणालो, "आणतो अण्णा, काय हवं ते सांगा."

"आणायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "न्यायचं हाय."

त्यांनी खिशातून एक नाणं काढलं. मधे पिवळं, कडेनं पांढरं, चिंचेनं लखलखीत झालेलं. सान मारिनोचं पाचशे लिऱ्यांचं नाणं. त्यावर त्या देशाचे तीन मनोरे होते. हे त्यांच्या संग्रहातलं पहिलं नाणं, शिवाजीनगरला सापडलेलं. त्याच्यामुळेच पुढचं सगळं सुरू झालं, हे ते हजारदा सांगत.

"बारा वर्षं वहीत हाय. आता बंद पडणार. बंद पडायच्या आधी एकदा ते चालू दे, पुणेकर. आपल्या गावात जाऊन खर्च होऊ दे."

अण्णा नाणं खर्च करा म्हणताहेत, हे समजायला मला थोडा वेळ लागला. "वहीत कप्पा मोकळा राहील की," मी म्हणालो. जमवणाऱ्या माणसाला मोकळा कप्पा म्हणजे पडलेला दात असतो.

"राहू दे," ते म्हणाले. मग अटी सांगितल्या. नाणं इटलीतही चालतं, पण तिथं खर्चलंस तर घरात घेणार न्हाई. सान मारिनोतच द्यायचं. आणि गोष्ट सांगायची न्हाई. बेंगळुरूहून आलंय, बारा वर्षं जपलंय, असलं काय बोलायचं न्हाई. "सुम्ने, गपचूप द्यायचं. गिऱ्हाईक देतंय तसं. आणि ती लोकं काय करतात ते बघून यायचं."

"न घेतलं तर?"

अण्णांनी नकाशाची घडी घातली. "तर आणून दे परत. पण मला खरं सांग."

निघायच्या दिवशी अक्कांनी मला हातावर दही दिलं आणि म्हणाल्या, "ते कुठाय?" ते म्हणजे नाणं. बारा वर्षं घरात राहिलेलं माणूस माहेरी निघालंय, ते असं खिशात कोंबून पाठवतात होय, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी नाण्याला हळदकुंकू लावलं, ते इरकली खणाच्या तुकड्यावर ठेवलं, वर तांदळाची ओटी घातली आणि गाठ मारली. अण्णा दारात उभे राहून दुसरीकडे बघत होते.

मिलानच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझ्या बॅगेतून नेमकी ती पुरचुंडी काढली. गाठ सोडली. आत तांदूळ, पिवळी पूड, लाल पूड आणि पाचशे लिरे. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्या, वयस्कर साहेबाला. पूड हुंगली. नाणं उजेडात धरलं, वाजवून पाहिलं, त्यावर तिघांची चर्चा झाली. "हे काय आहे?" साहेबानं इंग्रजीत विचारलं. तेव्हा सुचलं तेच बोललो, "हे आईच्या घरी चाललंय." साहेब माझ्याकडे बघत राहिला. मग बोटानं तांदूळ हलवून म्हणाला, "आणि हा भात?" मी म्हणालो, "वाटेत लागेल." त्यानं बाकीच्या दोघांना काहीतरी सांगितलं, ते हसले, आणि त्यानं स्वतः गाठ बांधून पुरचुंडी मला परत दिली. गाठ अक्कांइतकी सफाईदार नव्हती.

पहिल्याच मोकळ्या रविवारी मी रेल्वेनं रिमिनी गाठलं आणि तिथून डोंगरावर जाणारी बस धरली. देश कधी सुरू झाला ते कळलंच नाही. रस्त्यावर एक पाटी होती, बाकी शेतं अलीकडे होती तशीच पलीकडे. मला हळेकोटचा हत्ती आठवला. वरती गाव म्हणजे चढच चढ, दगडी गल्ल्या, दुकानांत अत्तरं आणि खेळण्यातल्या तलवारी, आणि डोंगराच्या तीन टोकांवर नाण्यावरचे ते तीन मनोरे. दहा वाक्यांत सांगून संपेल एवढा देश. पण होता.

एका पायरीवर बसून मी पुरचुंडी सोडली. तांदूळ कबुतरांना घातले. नाणं रुमालानं पुसलं, पण अक्कांची हळद ती, मनोऱ्यांच्या खाचांतून हटेना. मला एकाएकी भीती वाटायला लागली. कुणी हे नाणं उलटसुलट करून बघितलं, नाक मुरडलं, परत केलं, तर अण्णांना काय सांगणार? खरं सांग म्हणाले होते. मी तीन-चार दुकानांसमोरून नुसता जाऊन आलो. शेवटी कोपऱ्यावरच्या एका छोट्या दुकानात शिरलो. दारात चित्रांच्या कार्डांची चकरी होती, आत गल्ल्यावर एक जाडशी बाई फोनवर तावातावानं बोलत होती. मी मनोऱ्यांचं एक कार्ड घेतलं, चारशे लिऱ्यांचं, आणि नाणं पुढं केलं.

बाईनं फोन खांद्यात धरला. नाणं घेतलं, गल्ल्यात टाकलं, शंभर लिरे सुटे माझ्या हातावर ठेवले, आणि फोनमधल्या माणसाला पुन्हा झापायला लागली.

झालं. मी उभाच. बारा वर्षं, इरकली खण, दही, कस्टम, बस, आणि हे सगळं एका खणखण आवाजात संपलं होतं. बाईनं भुवया उंचावून आणखी काय हवं असं विचारलं. मी बेंगळुरूच्या पद्धतीनं मान हलवली, तिला त्यातून काहीच कळलं नसणार, आणि बाहेर आलो. त्याच कार्डावर "अण्णा, तुमचं नाणं चाललं" एवढं लिहिलं आणि तिथल्याच टपालात टाकलं. खरं सांगायचं तर माझा थोडा विरसच झाला होता.

दोन महिन्यांनी परत आलो तेव्हा ते कार्ड माझ्या आधी पोचून अक्कांच्या देवाजवळ लागलेलं होतं. त्याचं तिकीट भिजवून काढलेलं नव्हतं. अक्कांनी कॉफी आणली, अण्णांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"सांग. काय केलं त्या लोकांनी?"

"दुकानातल्या बाईनं घेतलं नाणं. गल्ल्यात टाकलं."

"फिरवून बघितलं?"

"नाही."

"उजेडात धरलं?"

"नाही हो अण्णा. हळद लागली होती, तीसुद्धा बघितली नाही. ती फोनवर बोलत होती. नाण्याकडे बघितलंच नाही." मी जरा ओशाळूनच सांगितलं. इतक्या लांब जाऊन यापेक्षा चांगली गोष्ट आणायला हवी होती असं वाटत होतं. मग आठवलं म्हणून खणाची घडी काढली. तिच्यात ते सुटे शंभर लिरे बांधून आणले होते. "हे तिनं परत दिले."

"सुटे पण दिले?" अण्णांचा आवाज बदलला. त्यांनी ते नाणं हातात घेतलं. ते इटलीचं होतं, म्हणजे मोठ्या देशाचं, पण त्या दिवशी त्यांनी त्याला काही नावं ठेवली नाहीत. "बघितलं पण न्हाई, आणि सुटे दिले." चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

मग त्यांनी वही आणली, पहिला कप्पा उघडला आणि तो पुठ्ठ्याचा पैसा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो पहिल्यांदाच हातात घेत होतो.

"दसऱ्याला बाबांनी दिलेला. सरकारांचं चित्र हाय म्हणून खर्च केला न्हाई, जपून ठेवला. मग संस्थान गेलं. मला काय कळूलालंय त्यातलं? एक दिवस धाकटी बहीण करदंटाची वडी पाहिजे म्हणून रडूलालती, तर तिचं बोट धरून दुकानात गेलो. म्हटलं, माझ्याकडे पैसा हाय की. दुकानदारानं हे फिरवून बघितलं. उजेडात धरलं. बाकड्यावर बसलेल्या लोकांना दाखवलं. सगळी हसली. 'हे आता चालत न्हाई बाळ,' म्हणाला, चांगला माणूस होता, वाईट बोलला न्हाई. पण धाकटीला कळंना. ती म्हणाली, अण्णा, मग दुसरं दे की." अण्णांनी माझ्या तळहातावरच्या तुकड्याकडे बोट केलं. "दुसरं कुठलं?"

अक्का पदरानं डोळे टिपत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनीही हे ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी तो तुकडा दोन्ही हातांनी परत केला.

त्यानंतर अण्णा पुन्हा पहिल्यासारखे जेवायला लागले, म्हणजे बोलत बोलत. काही दिवसांनी ते भिंगवाले गृहस्थ चिंचेचा धक्का विसरून पुन्हा आले. मीही तिथं होतो. वही चाळता चाळता ते एका रिकाम्या कप्प्यापाशी अडले. आजूबाजूला सान मारिनोची नाणी दाटीवाटीनं बसलेली आणि मधे तो एकच मोकळा. चांगलं नाणं हरवलेलं दिसतंय, अशा सहानुभूतीनं त्यांनी विचारलं, "इथलं पाचशेचं कुठं गेलं हो?"

"ते?" अण्णा खुर्चीत मागं टेकले. पेन्शनीत भागवणारा तो माणूस त्या क्षणी अख्ख्या बसवनगुडीत सगळ्यांत श्रीमंत दिसत होता. "ते खर्च केलं."